वाचक विचारतात : ॲप परक्या भाषेत नेताना

या वेळी आलेल्या बऱ्याच पत्रांचं दुखणं एकच आहे. अनुवाद झाला, तपासून झाला, आणि ॲप तिकडे गेल्यावर गडबडलं. यात अनुवादकाचा दोष क्वचितच असतो. नाव कसं लिहितात, आकडा कुठे तोडतात, एंटर कधी दाबतात, या आपल्या सवयी कोडमध्ये जाऊन बसलेल्या असतात, त्या तिथे नडतात.

प्रश्न : आमच्या हॉटेल-बुकिंगच्या वेबसाइटची अरबी आवृत्ती दुबई आणि रियाधसाठी करतोय. पानं उजवीकडून डावीकडे कशी वळवायची? एकेक घटक हाताने हलवायचा तर फार वेळ जाईल. (पुणे)

हाताने हलवू नका. मुळातल्या एचटीएमएल टॅगवर ‘डीआयआर’ची (दिशेची) किंमत ‘आरटीएल’ (उजवीकडून डावीकडे) करा आणि भाषा अरबी अशी नोंदवा. एवढ्याने मजकूर, तक्ते आणि फ्लेक्सबॉक्समधल्या (घटक ओळीत मांडणाऱ्या रचनेतल्या) ओळी आपोआप वळतात. वळत नाहीत त्या जागा म्हणजे तुम्ही स्टाइलशीटमध्ये (पानाची मांडणी ठरवणाऱ्या फाइलमध्ये) ‘लेफ्ट’ आणि ‘राइट’ लिहिलेल्या जागा. तिथे मार्जिन-लेफ्टऐवजी मार्जिन-इनलाइन-स्टार्ट, टेक्स्ट-अलाइनला लेफ्टऐवजी स्टार्ट अशा तार्किक दिशा घाला. हे काम एकदाच करावं लागतं. पुढे हिब्रू, उर्दू, फारसी आल्या तरी स्टाइलशीट तीच चालते.

खरी डोकेदुखी चिन्हांची. मागे-पुढे जायचे बाण, फॉर्मच्या टप्प्यांची पट्टी, बाजूचा मेनू हे उलटवायचं, कारण ते वाचनाच्या दिशेवर अवलंबून आहे. व्हिडिओचं प्ले बटण, घड्याळ, बरोबरची खूण, कंपनीचं बोधचिन्ह उलटवायचं नाही. शोधाचं भिंगही तसंच ठेवा; मूठ उजव्या हाताची आहे आणि अरबी वाचणारेही बहुतेक उजवे असतात. मदतीच्या प्रश्नचिन्हात गंमत आहे : अरबीत ते उलटं लिहितात, हिब्रूत नाही. सगळी चिन्हं एका झटक्यात उलटवणारा कोड म्हणूनच घातक. उलटवायच्या चिन्हांना वेगळा क्लास द्या.

फोन नंबरची चूक तर हमखास होते. मधे मोकळ्या जागा सोडून लिहिलेला नंबर अरबी परिच्छेदात आला की गटांचा क्रम उलटतो आणि अधिकचं चिन्ह भलत्याच टोकाला जातं. डेटा शाबूत असतो, दिसतो मात्र चुकीचा, आणि हॉटेलचा पाहुणा तो तसाच कागदावर उतरवून घेतो. फोन नंबर, बुकिंग क्रमांक, ईमेल यांच्याभोवती डावीकडून उजवीकडे अशी दिशा ठरवलेला वेगळा टॅग घाला. ग्राहकाचं नाव कोणत्या लिपीत येईल ते आधी कळत नाही, म्हणून तिथे ‘बीडीआय’ टॅग वापरा; तो दिशा मजकुरावरून ठरवतो.

आणखी दोन गोष्टी. अरबीत लेटर-स्पेसिंग (अक्षरांमधली जादा जागा) शून्यच ठेवा, कारण अक्षरं एकमेकांना जोडलेली असतात. आणि कॅलेंडरमध्ये शनिवार-रविवार सुट्टी असं धरून चालू नका. सौदी अरेबियात २०१३पासून शुक्रवार-शनिवार सुट्टी आहे, तर संयुक्त अरब अमिरातीने १ जानेवारी २०२२पासून शनिवार-रविवार धरला. म्हणजे तुमच्या दोन शहरांतच फरक आहे, आणि वीकेंडचे दर त्यावरच ठरतात.

प्रश्न : कोणत्या देशात कोणता रंग शुभ, कोणता अशुभ असे तक्ते मिळतात. ते पाहून रंग ठरवावेत का? (नाशिक)

सहसा नको. चीनमध्ये लाल शुभ असला तरी चुकीचा संदेश लाल अक्षरांत दाखवलेला तिथल्याही माणसाला बरोबर कळतो. अपवाद शेअर बाजाराचा. चीन, जपान, तैवान, दक्षिण कोरियात भाव वाढला की लाल. आपल्या हिशेबाने हिरवा दाखवलात तर माणूस नफ्याला तोटा समजेल. कोडमध्ये रंगांना ‘लाल’, ‘हिरवा’ अशी नावं न देता ‘वाढ’, ‘घट’ अशी द्या आणि बाजारागणिक रंग नेमा. शेजारी वर-खाली बाण हवाच, रंगांध माणसाला तोच आधार.

प्रश्न : जपानी ग्राहकांसाठीच्या चॅटमधून अर्धवट वाक्यं येतात. आमच्याकडे तपासलं तर सगळं ठीक चालतं. (बंगळुरू)

तुमच्याकडे जपानी मजकूर पेस्ट करून तपासत असणार. जपानी माणूस आधी उच्चार टाइप करतो, स्पेसबार दाबून पर्यायांतून कांजी (चिनी वळणाची अक्षरं) निवडतो आणि एंटर दाबून निवड पक्की करतो. तुमचा चॅट त्याच एंटरला ‘पाठवा’ समजतो.

उपाय असा : कीडाउन घटनेत (कळ दाबली जाते तेव्हा) ‘इज-कंपोझिंग’ (अक्षरांची जुळणी अजून चालू आहे) खरं असेल तर काही करू नका. सफारीत एवढ्याने भागत नाही. तिथे जुळणी संपल्याची घटना आधी आणि एंटरचा कीडाउन नंतर येतो, म्हणून की-कोड २२९ (कळ जुळणीसाठी वापरल्याची खूण) आहे का तेही पाहा. मग स्वतःच्या लॅपटॉपवर जपानी कीबोर्ड घालून ‘निहोन’ टाइप करा, स्पेसबार, एंटर. पहिल्या एंटरला काहीच जाता कामा नये.

फोनच्या रकान्यात जपानी लोकांकडून पूर्ण रुंदीचे अंकही येतात. ‘चुकीचा नंबर’ म्हणून हाकलू नका, एनएफकेसी या युनिकोडच्या एकरूप करणाऱ्या प्रक्रियेने ते साधे होतात. नावांवर मात्र ही प्रक्रिया चालवू नका.

प्रश्न : नाव, मधलं नाव, आडनाव असे तीन सक्तीचे रकाने ठेवले आहेत. चेन्नईहून तक्रारी येतात. (मुंबई)

येणारच. तीन रकाने ही मराठी-गुजराती घडण. तमिळ नावात बरेचदा वडिलांच्या नावाचं आद्याक्षर असतं, आडनाव नसतंच. इंडोनेशियात एकच नाव असणारे पुष्कळ. आइसलंडमध्ये आडनावाच्या जागी बहुधा वडिलांचं नाव असतं, आणि फोनच्या यादीतही माणसं पहिल्या नावाने लावलेली असत. ‘पूर्ण नाव’ आणि ‘काय म्हणून हाक मारू?’ असे दोनच रकाने ठेवा. पासपोर्टप्रमाणे नाव लागत असेल तर वेगळे रकाने ठेवा, पण आडनाव रिकामं सोडू द्या. किमान तीन अक्षरांची अटही काढा, नाहीतर आपलाच ओम बाहेर राहील.

प्रश्न : मराठी पर्याय दिला आणि बेरजा बिघडल्या. शोधात काही गावं सापडेनाशी झाली. (कोल्हापूर)

बेरजा : ब्राउझरला मराठी लोकेल (भाषा-प्रदेशाची सेटिंग) दिलं की आकडा १२,३४,५६७ असा देवनागरीत आणि लाखांच्या गटात येतो. दाखवायला छान, पण तो मजकूर परत वाचून जावास्क्रिप्टने संख्या करायला गेलात तर ‘संख्या नाही’ असं उत्तर मिळतं. हिशेब मूळ संख्येवरच करा. ग्राहकाने देवनागरी अंक टाइप केले, तर प्रत्येक अंकाच्या युनिकोड क्रमांकातून २४०६ वजा करा. इंग्रजी अंकच हवे असतील तर लोकेलला ‘लॅटिन अंक’ असं शेपूट जोडता येतं.

शोध : ‘ऱ्य’ दोन प्रकारे टाइप होतो. एकात नुक्त्याचा ऱ, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे अदृश्य अक्षर. डोळ्यांना दोन्ही सारखे, संगणकाला वेगळे. ‘अ’वर चंद्र देऊन केलेला ॲ आणि स्वतंत्र ॲ यांचंही तेच. एनएफसी या युनिकोडच्या दुसऱ्या एकरूप करणाऱ्या प्रक्रियेने या जोड्या एक होत नाहीत. साठवताना आणि शोधताना दोन्हीकडे एकच रूप करणारा नियम स्वतः लिहावा लागेल. आणि ‘अदृश्य अक्षरं काढून टाका’ अशी साफसफाई कुठे चालू असेल तर ती आधी थांबवा. दुसऱ्या पद्धतीने लिहिलेला ‘आचाऱ्याला’ त्या झाडूत ‘आचार्याला’ होतो, आणि पंगतीचं जेवण कुणी करायचं तेच बदलतं.