कॉलेजचे अर्ज: जे तुझ्या हातात नाही, ते आधी

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझी यादी पाहिली. अमेरिकेतली अठरा कॉलेजं, प्रत्येकापुढे रँक, आणि खाली लाल शाईत ‘एसे ऑगस्टमध्ये संपवणे’. एसेची, म्हणजे अर्जातल्या निबंधाची, एवढी घाई नको. एसे तुझ्या हातातला आहे, रात्री अकरालासुद्धा बदलता येतो. शाळेच्या काउन्सेलरचा रिपोर्ट, शिक्षकांची शिफारसपत्रं, पुण्याच्या शाळेतला नववीचा निकाल, व्हिसाबद्दल बाबांच्या कंपनीच्या वकिलाचं उत्तर, यातलं काहीही तुझ्या घाईने हलणार नाही. म्हणून बारावीच्या या वर्षाचा पहिला महिना त्या कामांना दे.

सुरुवात पुण्यापासून. कॉमन अ‍ॅपला (बऱ्याच कॉलेजांचा सामाईक ऑनलाइन अर्ज) नववी ते बारावी अशा चारही वर्षांचा हिशोब लागतो आणि तुझी नववी तिकडे झाली. आधी इथल्या शाळेच्या रजिस्ट्रारला विचार: पुण्याची नववी इथल्या ट्रान्सक्रिप्टवर (गुणपत्रकावर) चढवली आहे का? चढवली असेल तरी मूळ प्रत हाताशी ठेव, कारण काही कॉलेजं ती वेगळी मागतात. नववीचा निकाल बोर्डाचा नसतो, शाळेचाच असतो. तो फक्त शाळेच्या ऑफिसातून मिळतो. लेटरहेडवर, शिक्का आणि मुख्याध्यापकांची सही असलेल्या दोन-तीन प्रती हव्यात. मामाला पाठवणार असशील तर त्याच्याकडे आईबाबांचं सहीचं पत्र दे, नाहीतर ऑफिसातून ‘पालकांना पाठवा’ म्हणून परत लावतील. हे ऑगस्टमध्येच उरकायचं. पुढे गणपती, मग सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी. आणि तुझ्या अर्जांच्या मुदती नेमक्या त्याच सुमाराला येतात.

त्या निकालावर आडनाव आधी, मग तुझं नाव, मग बाबांचं नाव असेल. पासपोर्टवर बाबांचं नाव बहुधा तुझ्या नावालाच जोडलेलं असेल. इथल्या शाळेत ते गळलेलं असतं, आणि सॅट या प्रवेशपरीक्षेच्या खात्यात तू घाईत काय टाकलंस ते तुलाच ठाऊक. कॉलेजं कागद जुळवतात ते नाव आणि जन्मतारखेवरून. तीन ठिकाणी तीन नावं असली की गुण एका फाइलमध्ये आणि ट्रान्सक्रिप्ट दुसऱ्या फाइलमध्ये पडतं, आणि तुझ्या पोर्टलवर ‘अर्ज अपूर्ण’ दिसत राहतं. पासपोर्टवर आहे तेच नाव सगळीकडे घाल. जुन्या कागदावरचं वेगळं नाव ‘पूर्वीचं किंवा इतर नाव’ या रकान्यात लिही.

आता व्हिसा. यात सर्वांत जास्त गोंधळ होतो, आणि तो बहुतेक घरी जेवणाच्या टेबलावर सुरू होतो. ‘आपलं आय-140 मंजूर झालंय, ग्रीन कार्ड येईलच’ असं म्हणत मुलं अर्जात ‘परमनंट रेसिडेंट’वर टिक करतात. आय-140 हा ग्रीन कार्डसाठी कंपनीने केलेला अर्ज; तो मंजूर होणं म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे. कार्ड हातात नाही तोवर तू भारताची नागरिक आणि तुझा व्हिसा एच-4 (बाबांच्या नोकरीच्या व्हिसावर अवलंबून असलेला), एवढंच लिही. एच-4 वर फॅफ्सा (सरकारी आर्थिक मदतीचा अर्ज) भरता येत नाही, म्हणजे सरकारी अनुदान आणि सरकारी कर्ज दोन्ही बाद. बहुतेक खासगी कॉलेजं आर्थिक मदतीच्या हिशोबात तुला आंतरराष्ट्रीय विद्यार्थीच धरतात, आणि त्यातली बरीचशी कॉलेजं, मदत मागणाऱ्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचा प्रवेश ठरवताना पैशाचाही विचार करतात. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, अ‍ॅमहर्स्ट, डार्टमथ अशी मोजकी कॉलेजं तसं करत नाहीत. पण तिथे आत शिरणंच किती कठीण, ते तुला सांगायला नको.

कॅलिफोर्नियाच्या सरकारी विद्यापीठांत एच-4 वाल्यांना रहिवासी म्हणून कमी फीचा हक्क मिळू शकतो. तो आपोआप मिळत नाही, कागदपत्रं द्यावी लागतात, आणि निर्णय त्या-त्या कॅम्पसचं ऑफिस घेतं. त्यांना ईमेलने दोन प्रश्न विचार. एक, माझ्या बाबतीत कोणते पुरावे लागतील? दोन, एकविसाव्या वर्षी एच-4 संपून मला एफ-1 या विद्यार्थी व्हिसावर जावं लागलं तर फी बदलेल का? दुसरा प्रश्न कुणी विचारत नाही, आणि तो तिसऱ्या-चौथ्या वर्षी अंगावर येतो. उत्तर लेखी घे, फोनवरचं धरू नकोस. एच-4 वरच्या मुलांना कामाची परवानगी नसते, पगारी इंटर्नशिपसुद्धा नाही. त्यामुळे एफ-1 कधी घ्यायचा हे आईबाबांनी वकिलाशी आत्ताच बोलावं.

शिफारसपत्रांचं एवढंच. अकरावीत ज्यांनी शिकवलं अशा दोन शिक्षकांना शाळा सुरू होताच प्रत्यक्ष भेटून विचार. बरेच शिक्षक ठरावीक संख्येनंतर नाही म्हणतात. सोबत एक पानाचा कागद दे: त्यांच्या वर्गात केलेलं एखादं काम, कुठे अडलीस, मुदती कोणत्या. कॉमन अ‍ॅपमध्ये फर्पाचा (विद्यार्थ्याला आपल्या शैक्षणिक नोंदी पाहण्याचा हक्क देणाऱ्या कायद्याचा) रकाना असतो, त्यात पत्रं पाहण्याचा हक्क सोड. हक्क राखून ठेवलास तर पत्र मोकळेपणाने लिहिलंय असं वाचणाऱ्याला वाटत नाही. तो रकाना भरल्याशिवाय तुझं खातं शाळेच्या प्रणालीला जोडलं जात नाही, आणि काउन्सेलर तिकडे वाट बघत बसते.

यादी अठरावरून दहा-बारावर आण. यूसीचा (युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाचा) अर्ज एकच, तो नऊही कॅम्पसना चालतो. अर्जाची फी मात्र प्रत्येक कॅम्पससाठी वेगळी भरावी लागते. सॅन होजे स्टेटसारख्या कॅल स्टेटच्या (कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या) कॉलेजांचा अर्ज 1 ऑक्टोबरला उघडतो आणि एका संध्याकाळचं काम आहे. ही दोन्ही सॅट बघत नाहीत. सॅट लागते ती एमआयटी, कॅलटेक, स्टॅनफर्ड, हार्वर्ड अशांना. ती पुन्हा द्यायची असेल तर आजच जागा धर. सॅन फ्रान्सिस्को बे एरियातली केंद्रं भराभर भरतात आणि मग परीक्षेसाठी तीन तास गाडी हाकावी लागते. रँकचा रकाना खोडून त्याजागी लिही: कॉम्प्युटर सायन्सचा प्रवेश वेगळा आहे का, आणि आत गेल्यावर शाखा बदलता येते का? इलिनॉय आणि वॉशिंग्टन विद्यापीठांत दुसऱ्या शाखेतून आत जाऊन मग सीएसकडे वळणं जवळपास अशक्य आहे. ‘आधी आत तर शिरू’ हा मंडळातल्या काकांचा सल्ला तिथे चालत नाही.

अर्ली डिसिजन, म्हणजे लवकरच्या मुदतीतला अर्ज, एकाच कॉलेजला करता येतो आणि तो बांधून घेतो: प्रवेश मिळाला तर तिथेच जायचं. त्यावर तुझी, पालकांची आणि काउन्सेलरची अशा तिघांच्या सह्या असतात. फीचे आकडे घरी स्पष्ट बोलून झाले नसतील तर त्या वाटेला जाऊ नकोस. अर्ली अ‍ॅक्शनमध्ये बंधन नाही, त्याची मुदत बहुतेक ठिकाणी 1 नोव्हेंबर.

यूसीचा अर्ज 1 ऑगस्टला उघडतो, 1 ऑक्टोबरपासून पाठवता येतो, आणि मुदत 30 नोव्हेंबरच्या आसपास असते. एखाद्या वर्षी ती दिवस-दोन दिवस पुढे सरकते, त्यावर विसंबू नकोस. शेवटच्या रात्री साइट रांगते. ट्रान्सक्रिप्ट तेव्हा लागत नाही, विषय आणि ग्रेड तूच भरायचे. ते आठवून भरू नकोस, कागद समोर ठेव. सेमिस्टरचा अंतिम ग्रेड घ्यायचा, मधल्या प्रोग्रेस रिपोर्टचा नाही. पुण्याचे टक्के जसे छापलेत तसेच टाक, त्यांचं ए-बी करू नकोस. यूसी जीपीए (ग्रेडची सरासरी) काढते तो नववीनंतरच्या उन्हाळ्यापासून बारावीच्या आधीपर्यंतच्या ग्रेडवरून, त्यामुळे नववीतल्या गणिताची रुखरुख सोड. 1 जुलैपर्यंत अंतिम ट्रान्सक्रिप्ट जातं तेव्हा पडताळणी होते, आणि भरलेल्या ग्रेडशी ते जुळलं नाही तर मिळालेला प्रवेश रद्द होऊ शकतो. बारावीत मध्येच एखादा विषय सोडलास तर तेही लगेच कळवायचं.

अ‍ॅक्टिव्हिटीच्या रकान्यात कॉमन अ‍ॅप 150 अक्षरं देतं, मोकळ्या जागा धरून. तू लिहिलंयस: ‘मराठी शाळेत लहान मुलांना शिकवण्यास मदत केली आणि आपली संस्कृती जपली.’ यातून कुणाला काहीच दिसत नाही. असं करून बघ: ‘दर रविवारी 2 तास, 6-7 वर्षांच्या 9 मुलांचा वर्ग, जोडाक्षरांची कार्डं बनवली, आजी-आजोबांना पत्र लिहिण्याचा उपक्रम सुरू केला.’ आकडे अर्थात तुझे खरे घाल. संस्कृती वाचणाऱ्याला आपोआप दिसेल.

एसे कॉमन अ‍ॅपला 650 शब्दांचा एक, यूसीला आठांपैकी चार प्रश्नांची 350-350 शब्दांत उत्तरं. एकाचा तुकडा दुसऱ्यात डकवू नकोस. यूसीला सजावट नको असते. काय केलंस, का केलंस, पुढे काय झालं, एवढं सरळ सांग. ‘पुण्याहून आले, भाषा अडली, मग जमलं’ हा विषय खूप मुलं घेतात. घ्यायचाच असेल तर एकाच दिवसातली एकच गोष्ट घे.

अर्ज पाठवल्यावर प्रत्येक कॉलेज पोर्टलची लिंक ईमेलने पाठवतं, आणि ती हमखास स्पॅममध्ये जाते. दर रविवारी सगळी पोर्टलं उघडून बघ. काही ‘मिळालं नाही’ दिसलं तर आठवडाभर थांब, कागद लावायला त्यांना वेळ लागतो, मग काउन्सेलरला लिही. ईमेल आयडी शाळेचा देऊ नकोस. जूननंतर तो बंद झाला तर वसतिगृहाची पत्रं कुठे येणार?

आईबाबांना नमस्कार सांग.

ता. क. पुण्याच्या शाळेला लिहायचं पत्र मराठीतच लिही, आणि वर तुझा जनरल रजिस्टर नंबर घाल. तो जुन्या दाखल्यावर सापडेल.