मेसेजला वेळ लागतो, लागू दे

एका मेसेजला अर्धा तास लागतो, हे बरोबर आहे का असं विचारलंस. आपल्यासारख्या ऑटिस्टिक माणसांत बऱ्याच जणांचं असंच असतं रे. परभणीहून आत्या विचारते, ‘लग्नाला येणार ना?’ नुसतं ‘हो’ तुटक वाटेल का? ‘बघतो’ म्हटलं तर टाळतोय असं वाटेल का? मग कोणत्या गाडीने, मुक्काम कुठे, जेवायला किती जण, सगळं आपण लिहून काढतो. लिही की! फक्त ‘हो आत्या, येतो’ हे सगळ्यात वर ठेव, तपशील खाली. आणि मसुदा नोट्समध्ये कर, म्हणजे तिकडे ‘टायपिंग’ दिसत राहत नाही आणि तुझ्यावरही दडपण येत नाही.

गैरसमज झालाच तर सगळा दोष स्वतःकडे घेऊ नकोस. डेमियन मिल्टन हे स्वतः ऑटिस्टिक असलेले समाजशास्त्रज्ञ. एकमेकांना न समजणं दोन्ही बाजूंनी असतं, हे त्यांनी २०१२ मध्येच मांडलंय. घरच्यांनाही हे नक्की सांग, माझ्या मते ते फार गरजेचं आहे.

थकलास तर ‘वाचलं, उद्या लिहितो’ एवढंच पाठव.