वाचकांचे प्रश्न : लिनक्सवर वायफाय दिसेनासे झाले तर

प्रश्न : जुन्या लॅपटॉपवर लिनक्स मिंट बसवले आहे. बाकी सर्व सुरळीत आहे, पण वायफायचे एकही नेटवर्क दिसत नाही. ड्रायव्हर मॅनेजरमधून ड्रायव्हर बसवला, तरी फरक पडला नाही. ‘एलएसपीसीआय’ या आज्ञेने ब्रॉडकॉम बीसीएम 43142 असे नाव दाखवले. सगळे पुन्हा नव्याने बसवावे का?
– एक वाचक, मिरज

उत्तर : कृपया तसे करू नका. चिपचे नाव दिसते, म्हणजे संगणकाला ती सापडलेली आहे. अडचण त्यापुढे कुठेतरी आहे.

आधी टर्मिनलमध्ये ‘आरएफकिल लिस्ट’ चालवा. ‘हार्ड ब्लॉक्ड’पुढे ‘येस’ असेल, तर लॅपटॉपवरचे वायफायचे बटण बंद आहे. ‘सॉफ्ट ब्लॉक्ड’ असेल, तर ‘आरएफकिल अनब्लॉक वायफाय’ पुरेसे आहे. त्यानंतर ‘एलएसपीसीआय’ला ‘एनएनके’ हा पर्याय जोडून पाहा. तुमच्या चिपखाली ‘कर्नल ड्रायव्हर इन यूज’ या ओळीत ‘डब्ल्यूएल’ (ब्रॉडकॉमचाच ड्रायव्हर) असायला हवे. इंटरनेटवर बऱ्याच ठिकाणी ‘बी43’ बसवण्याचा सल्ला मिळतो, पण तो ड्रायव्हर या चिपला चालतच नाही, त्यामुळे त्यात वेळ घालवू नये.

ड्रायव्हर बसवूनही ती ओळ दिसत नसेल, तर माझा संशय सिक्युअर बूटवर, म्हणजे संगणक सुरू होताना फक्त खात्रीचे सॉफ्टवेअर चालू देणाऱ्या सुरक्षा सोयीवर आहे. ते सुरू असताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, डिजिटल स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर स्वीकारत नाही. म्हणून ड्रायव्हर बसवताना एक पासवर्ड ठरवायला सांगतात आणि पुढच्या वेळी संगणक सुरू होताना निळा पडदा येतो, जो पुष्कळ जण घाईत ‘कंटिन्यू बूट’ निवडून ओलांडतात. तिथे ‘एनरोल एमओके’ (स्वाक्षरी तपासण्याची किल्ली नोंदवणे) निवडून तोच पासवर्ड द्यायचा असतो. तो पडदा पुन्हा आणण्यासाठी ‘मोकयूटिल’ ही आज्ञा ‘इम्पोर्ट’ पर्यायासह चालवून ‘वार/लिब/शिम-साइन्ड/मोक’ या फोल्डरमधील ‘डीईआर’ फाइल, म्हणजे ती किल्ली, तिला द्यावी, नवा पासवर्ड ठरवावा आणि संगणक पुन्हा सुरू करावा.

बायॉसमध्ये (संगणकाच्या मूळ सेटिंगमध्ये) जाऊन सिक्युअर बूट बंद करणे सोपे आहे. तरीही मी किल्ली नोंदवण्याचाच आग्रह धरेन, कारण ती एकदा नोंदली की नव्या कर्नलसाठी तयार होणाऱ्या ड्रायव्हरवरही तिचीच स्वाक्षरी होते. दरम्यान, इंटरनेटसाठी अँड्रॉइड फोन केबलने जोडून त्यात यूएसबी टेदरिंग सुरू करावे.