अँटीबॉडीला ट्रेसर जोडून केलेल्या स्कॅनसाठी चार-पाच दिवस का थांबवतात?

नेहमीच्या पेट स्कॅनला इंजेक्शननंतर तासाभरात मशीनवर घेतात, मग अँटीबॉडीला ट्रेसर (मशीनला दिसणारा किरणोत्सर्गी अणू) जोडून होणाऱ्या आईच्या या स्कॅनला चार-पाच दिवस का, आणि तोवर ते औषध अंगात राहणं धोक्याचं नाही का, असं तुम्ही विचारलंय. मी न्यूक्लिअर मेडिसिनमध्ये काम करते. ही काळजी रास्त आहे.

नेहमीच्या स्कॅनमधलं एफडीजी म्हणजे किरणोत्सर्गी फ्लोरिन-१८ लावलेली साखर. रेणू लहान, पेशीत पटकन शिरतो, बराचसा उरलेला लघवीवाटे जातो. अँटीबॉडी, म्हणजे ठरावीक प्रथिनाला शोधून चिकटणारा मोठा रेणू, त्याच्या सुमारे ८०० पट जड असते आणि कित्येक दिवस रक्तातच फिरत राहते. पहिल्या दिवशी फोटो काढला तर हृदय, रक्तवाहिन्या आणि यकृतच उजळलेलं दिसेल. कॅन्सरच्या गाठीत ती साचायला आणि रक्तातून कमी व्हायला वेळ लागतो. फ्लोरिन-१८ दर ११० मिनिटांनी निम्मं होतं, ते तोवर संपून जाईल. म्हणून झिर्कोनियम-८९ वापरतात. त्याचं अर्धायुष्य सुमारे ७८ तास. ते अँटीबॉडीला बांधून ठेवायला बहुधा डेफेरॉक्सामिन असतं, थॅलेसेमियाच्या रुग्णांच्या अंगातलं जादा लोह काढायला देतात तेच. ही पकड पूर्ण पक्की नसते. सुटलेलं झिर्कोनियम हाडात जाऊन बसू शकतं, त्यामुळे हाडातली फिकट चमक आम्ही फार जपून वाचतो.

एवढा खटाटोप कशासाठी? साखर मेंदूही खातो, सुजलेली जागाही खाते. ट्रास्टुझुमॅब ही अँटीबॉडी मात्र काही कॅन्सरच्या पेशींवर असणारं हर-२ हे प्रथिन शोधते. बायोप्सी एका जागेचा तुकडा सांगते, पण एकाच रुग्णाच्या यकृतातल्या गाठीवर हर-२ असतं आणि हाडातल्या गाठीवर नसतं, असंही घडतं. ते सगळं एकाच वेळी दाखवणं ही या स्कॅनची खरी ताकद.

अर्थात लहान रेणूने काम भागत असेल तर मी तोच निवडेन. प्रोस्टेटच्या कॅन्सरसाठी १९९६ साली अमेरिकेत मंजूर झालेली प्रोस्टासिंट ही अँटीबॉडी त्या कॅन्सरच्या पेशींवरच्या पीएसएमए प्रथिनाच्या पेशीआतल्या भागाला चिकटायची, म्हणून जिवंत पेशी नीट दिसत नसत. आता बाहेरच्या भागाला चिकटणारा, गॅलियम-६८ लावलेला छोटा रेणू तासाभरात चांगलं चित्र देतो.

धोक्याबद्दल: झिर्कोनियमची मात्रा कमी ठेवतात, तरी एकूण किरणोत्सर्ग एफडीजीपेक्षा जास्तच होतो. घरात लहान मूल किंवा गरोदर बाई असेल तर विभागात आधीच सांगा, किती अंतर आणि किती दिवस ते तिथले लोक नेमकं सांगतील. आणि आईच्या डॉक्टरांना एक विचाराच: या स्कॅनमध्ये जे दिसेल त्यावरून उपचार बदलणार आहेत का?