कळतं पण वळत नाही

प्रश्न: मुलगा साडेतीन वर्षांचा, मुलगी पंधराची. परवा त्याला निळा कप हवा होता, मी हिरवा दिला तर जमिनीवर लोळून अर्धा तास भोकाड पसरलं. आणि तिला मोबाईल ठेव म्हटलं तर दार धाडकन आपटून आत, दहा मिनिटांनी बाहेर येऊन सॉरी. घरातले म्हणतात लाडावलीत. मुद्दाम करतात का हो?

उत्तर: धाकटा तर अजिबात नाही. मेंदूत अमिग्डाला नावाचा बदामाएवढा भाग असतो (ग्रीकमध्ये अमिग्डाला म्हणजे बदामच), भीती, धोका, नकोसं काही दिसलं की तो लगेच बोंब मारतो आणि तो जन्मापासूनच कामाला लागलेला असतो. त्याला आवरणारा भाग कपाळामागे, प्रीफ्रंटल कॉर्टेक्स, तो मात्र विशी ओलांडली तरी घडतच असतो. दोघांना जोडणारी जी वायर आहे ना, तिच्यावर मायलिनचं, म्हणजे निरोप झटकन पोचवणाऱ्या चरबीच्या थराचं, वेष्टण चढायलाही तेवढीच वर्षं जातात. म्हणजे अलार्म पहिल्या दिवसापासून चालू आणि बंद करणारा अजून ट्रेनिंगमध्ये.

मग तोवर लहान मुलं शांत होतात कशी? तर तुमच्या जिवावर. 2014 मध्ये एक अभ्यास आला, मुलांना स्कॅनरमध्ये ठेवून आईचा फोटो दाखवला, तर दहा वर्षांपर्यंतच्या मुलांत अमिग्डाला थंडावला आणि ती जोडणी मोठ्यांसारखी चालायला लागली, अनोळखी बाईच्या फोटोने तसं झालं नाही. अकराच्या पुढच्या मुलांत मात्र आईच्या फोटोने असा फरक पडला नाही! त्यामुळे कप-प्रकरणात लेक्चर नको, नुसतं जवळ बसा, आवाज खाली ठेवा.

मुलीचं वेगळं. शांत असताना तिला जवळजवळ तुमच्याइतकंच कळतं, पण राग आला किंवा मैत्रिणी बघतायत म्हटलं की कळतं पण वळत नाही, कारण वयात येताना भावनांचा जोर एकदम वाढतो आणि ब्रेक मागून रांगत येतो. ते दहा मिनिटांनी आलेलं सॉरी तोच ब्रेक. (25व्या वर्षी मेंदू पूर्ण होतो वगैरे जे फिरतं ते फार मनावर घेऊ नका, तेव्हा काही स्विच पडत नाही, प्रत्येकाचं वेगवेगळं असतं.) लाडावलेपणाचं म्हणाल तर दार आपटणं चालणार नाही हे सांगायचंच, फक्त दार आपटल्या क्षणी नाही. मोबाईलचा नियमही सकाळी, ती निवांत असताना, तिलाच ठरवायला लावा.