होडीच्या भंगारातल्या ५ मिमी स्टेनलेस सळईचे सुरीच्या मुठीला रिव्हेट करता येतील का?

येतील. ३१६ प्रतीच्या स्टेनलेसची मिळाली तर उत्तम, तिच्यातल्या मॉलिब्डेनम या धातूमुळे ती खाऱ्या हवेत टिकते. पण ३०४ ही साधी प्रत आणि ३१६ चुंबकाने वेगळी ओळखता येत नाहीत, तो नाद सोडा.

साच्यातून थंड ओढून बनवलेली सळई कडक असते. तशीच ठोकलीत तर डोकं पसरत नाही, फणसाची मूठ मात्र तडकते. आधी सळई नारिंगी-पिवळी तापवून पाण्यात बुडवा. कोयत्याचं पोलाद असं कडक होतं, ही उलट मऊ पडते.

भोक ५.१ मिमी, तोंडं किंचित रुंद, सळई दोन्हीकडे दीड मिमी बाहेर. हलक्या हाताने, आलटूनपालटून ठोका. मग कानस.

साधा तारेचा ब्रश नको. त्याचे लोखंडी कण रुततात आणि मालवणच्या दमट हवेत गंजाचे ठिपके पडतात.