एमएमए (ठोसे, लाथा, कुस्ती सगळं चालणारा लढतीचा खेळ) लढवय्या खबीब नुरमागोमेदोव्ह २९ लढतींत एकदाही का हरला नाही?

ठोशांपेक्षा पकडीमुळे. रशियातल्या दागेस्तानच्या या पठ्ठ्याची घडण साम्बो (रशियन कुस्तीप्रकार) आणि कुस्तीतली, गुरू म्हणजे वडीलच. पट काढून तो समोरच्याला पिंजऱ्याच्या जाळीपाशी पाडायचा, पायांना आपल्या पायांचा वेढा घालायचा आणि टेकू दिलेल्या हाताचं मनगट पाठीमागून ओढून धरायचा. टेकू गेला की माणूस कोसळतो, मग मोकळ्या हाताने ठोसे. नागपुरात महाल भागातल्या आखाड्यात मातीवर हे करून पाहिलं. मनगट सुटता सुटत नाही!

२०१८ मध्ये आयर्लंडच्या कॉनर मॅकग्रेगरने त्याच्यापुढे चौथ्या फेरीत हार मानली. वडील गेल्यावर, ऑक्टोबर २०२० मध्ये अमेरिकेच्या जस्टिन गेथजीला त्याने पायांच्या कात्रीत गळा आवळून नमवलं आणि हातमोजे तिथेच काढून ठेवले. वडिलांशिवाय लढणार नाही, असा आईला शब्द दिला होता.